येऊरच्या वळणांवर ताशी ३० : हवी की नको?

उपवनकर

मंडळी, या विषयावर घरात एक, सोसायटीत एक आणि सकाळच्या चालणाऱ्यांत एक अशी तीन भांडणं होऊन गेली. चौथं इथे करू.

ठाण्याच्या येऊर डोंगरावर, वनखात्याच्या चौकीपासून वर गावात जाणाऱ्या रस्त्यावर सगळ्या मोटारगाड्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालावी, असं माझं मत आहे. चाळीस नको, पन्नास तर नकोच. तीस.

मागच्या रविवारी काय झालं ते सांगतो. रात्री पावसाची पहिली सर येऊन गेली होती, डांबर अजून ओलं. पाड्यावरची एक बाई डोक्यावर शेवळांची, म्हणजे पावसाळी रानभाजीची, टोपली घेऊन बाजाराला खाली निघाली होती. तिथे फूटपाथ नाही. कडेला चर, चराच्या पलीकडे लगेच रान. वरून एक चारचाकी वळण आतून कापत आली. बाई चरात उतरली म्हणून वाचली. टोपली गेली. शेवळं रस्ताभर आणि सोबतची काकडं, ती छोटी रानफळं, घरंगळत पार खालच्या वळणापर्यंत. गाडी थांबली नाही. मी आणि आणखी एक गृहस्थ शेवळं वेचायला वाकलो तर बाईच म्हणाली, "राहू द्या, दुसरी येईल अजून."

दुसरी आलीच.

गाडी फार तर पन्नासने असेल. सपाट रस्त्यावर या वेगाकडे कुणी वळूनही पाहणार नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० आणि मोटारसायकलींना ६० असे आकडे आहेत. ते खाली शहरातल्या पोखरण रोडला ठीक. पण डोंगराचं गणित करून बघा. पन्नासला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, ओल्या रस्त्यावर गाडी उभी राहायला आणखी २४ मीटर धरा. झाले ३८. तीसला हेच १७ मीटरमध्ये आटोपतं. उतार धरला की दोन्ही आकडे वाढतात. मी नंतर त्या वळणावर पावलं टाकून पाहिलं. आतल्या बाजूने येणाऱ्याला वीसेक मीटरच्या पुढचं दिसतच नाही, मध्ये करवंदीची जाळी आहे.

आणि वेळ किती वाया जातो? पन्नासऐवजी तीसने गेलं तर किलोमीटरमागे ४८ सेकंद. एका सिग्नलला आपण याहून जास्त वेळ कपाळाला आठ्या घालून उभे असतो.

बोला.

टॉपगिअर

काका, नमस्कार. मी दर रविवारी पहाटे येऊरला बाइक घेऊन येणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे तुमच्या दृष्टीने आरोपी. बाई वाचल्या हे चांगलं झालं. पण तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. गाडीने वळण आतून कापलं. म्हणजे ती चुकीच्या बाजूला होती. तीच गाडी तीसने चुकीच्या बाजूला आली असती तरी बाईंना चरात उतरावंच लागलं असतं. गुन्हा बाजू सोडल्याचा आणि शिक्षा वेगाला, असं का?

आपल्याकडे अपघात झाला की पंचनाम्यात "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने" हे ठरलेलं वाक्य येतं. गाडी उभी असली तरी भरधाव. मग देशाच्या २०२२ च्या अहवालात १ लाख ६८ हजार मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या रकान्यात पडतात यात नवल ते काय? खड्डा, कठडा नसणं, दिवा नसणं, दारू, झोप, सगळं त्या एका रकान्यात झाकलं जातं. पाटी लावायला हजार-दोन हजार रुपये लागतात, रस्ता नीट करायला लाखो. म्हणून पाटी लागते.

पोखरण२

उपवनकर, शेवळं वेचलीत ते उत्तम. गाडीचा नंबर वेचायचा राहिला वाटतं.

उपवनकर

चष्म्यावर थेंब होते हो. शेवटचे दोन आकडे दिसले, त्यावर काय होणार.

टॉपगिअर, रकान्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं, खरंच. पण पंचनामा बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा आहे की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. तो हवालदाराने भरलेल्या रकान्यातून आलेला नाही. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यातही जिथे चालणारी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे कमाल ३० असं म्हटलंय. येऊरला मिसळणं म्हणजे काय, तिथे वेगळं होण्याची सोयच नाही.

आणि तीसने चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला बाई दिसल्यावर थांबता आलं असतं. चूक सगळेच करतात. चुकीनंतर हातात किती मीटर उरतात, एवढाच प्रश्न आहे.

डबलक्लच

मी ट्रक चालवत होतो, अठ्ठावीस वर्षं. कसारा आणि माळशेज मिळून किती वेळा चढलो-उतरलो ते मोजलं नाही. आता निवृत्त, लोकमान्यनगरला राहतो, नातवाला घेऊन येऊरला जातो.

तुम्ही सगळे आकड्यावर भांडताय. घाटात आकडा काट्यावर बघून कुणी चालवत नाही, गिअरवर चालवतो. आमचे उस्ताद सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. हे ज्याला कळलं त्याला पाटी लागत नाही. ज्याला कळलं नाही तो तीसनेही मरतो.

घाटात ब्रेक फेल होतो म्हणतात. शंभरात नव्वद वेळा ब्रेक फेल झालेला नसतो, केलेला असतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची आणि सगळा उतार ब्रेक दाबून काढायचा. ब्रेकचे लाइनर तापतात, वास सुटतो, मग पायाखाली पॅडल असतं पण गाडी धरत नाही. कसाऱ्याला रात्री उतरताना लाइनर जळल्याचा वास आला की आम्ही पुढच्या गाडीला अंतर द्यायचो, त्याचा भरवसा नाही म्हणून. आता बऱ्याच गाड्या समृद्धीच्या बोगद्यातून जातात, २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे सुरू झाल्यापासून. बरं झालं. पण घाटातली रीत नव्या पोरांना शिकवणार कोण?

येऊरचंच घ्या. निम्म्या दुचाक्या बिनगिअरच्या स्कूटर. त्यांना उतारावर इंजिनाची पकड जवळजवळ नाहीच, सगळा भार ब्रेकवर. मागे बायको, पुढे उभं पोर, आणि ओला रस्ता. मी तर म्हणतो त्यांना तीस पण जास्त आहे.

आणखी एक. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नुसता रिवाज नाही, अरुंद घाटरस्त्यासाठी नियमात लिहिलेलं आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. येऊरला मी उलटं बघतो. टीएमटीची बस चढत असते आणि वरून येणारा साहेब हॉर्न मारून तिला मागे घ्यायला लावतो.

तेव्हा तीसची पाटी लावायची तर लावा. पण तिच्याखाली "गिअरात उतरा" हेही लिहा.

टॉपगिअर

डबलक्लच काका, ही पोस्ट छापून चौकीवर चिकटवली पाहिजे. आणि लक्षात घ्या मंडळी, ते माझ्याच बाजूचं बोलले. कौशल्य शिकवा.

डबलक्लच

तुझ्या बाजूचं नाही बोललो बाळा. तू पहाटे कितीने उतरतोस ते सांग आधी.

टॉपगिअर

पासष्ट. सरळ तुकड्यावर. कधीकधी.

पोखरण२

प्रामाणिकपणाबद्दल चलान माफ.

सिव्हिलवाला

माझा विरोध आहे, पण टॉपगिअरच्या कारणाने नाही.

मी रस्त्यांच्या कामात आहे. वेगमर्यादा ठरवायची एक जुनी पद्धत अशी: मोकळ्या रस्त्यावर शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग काढायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. कारण रस्ता स्वतःच चालवणाऱ्याला वेग सांगत असतो. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता पन्नास म्हणतोय आणि पाटी तीस म्हणतेय, तर लोक रस्त्याचं ऐकतात. एकदा का पाटीचा शब्द गेला की मग पुढच्या खरोखर धोक्याच्या वळणावरची पाटीही वाया.

येऊरच्या रस्त्याला एकच आकडा लावणं चूक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांत हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरणारं, वळण २० च्या वेगासाठी आखतात, आतल्या कडेला किमान १४ मीटर त्रिज्या. आता २० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ते चाळीसने घ्यायचं तर टायर आणि रस्ता यांच्यात ०.६३ इतकं घर्षण लागतं, ओल्या आणि शेवाळलेल्या डांबरावर ते मिळेलच असं नाही. तीसने घेतलं तर ०.३५ पुरतं. म्हणजे आवळलेल्या वळणाला तीस बरोबर, पावसात पंचवीस आणखी बरोबर. पण दोन वळणांमधल्या सरळ तुकड्याला तीस म्हणजे सगळ्यांना रोज नियम मोडायला शिकवणं.

करायचं ते असं. प्रत्येक वळणाला त्याचा त्याचा सल्ल्याचा वेग लिहा. मधली पांढरी रेघ ठळक करा, कारण आतून कापणं तिथेच थांबतं. वळणाआधी खरखरीत पट्टे द्या. दरीच्या बाजूला कठडा. आणि वळणाच्या आतल्या बाजूची झाडी छाटून नजर मोकळी करा. तुमची ती करवंदीची जाळी.

उपवनकर

सिव्हिलवाला, शेवटच्या वाक्यापर्यंत मी मान डोलावत होतो.

हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे साहेब. २०१६ पासून भोवतालचा पट्टासुद्धा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालाय. गाडीवाल्याला लांबचं दिसावं म्हणून रान छाटायचं? आणि लांबचं दिसायला लागलं की तो आणखी जोरात जाणार, हे तुम्हीच वर सांगितलंत: रस्ता वेग सांगतो. जाळी आहे म्हणून निदान थोडे तरी दबकून येतात.

सिव्हिलवाला

झाडं कोण म्हणालं, झुडपं. पावसाळ्यानंतर कडेची वाढ छाटणं हे साध्या देखभालीत येतं. पण दुसरा मुद्दा मान्य. नजर मोकळी केली की वेग वाढतो हे खरं आहे. म्हणून म्हटलं, सोबत खरखरीत पट्टे.

पोखरण२

गतिरोधक टाका की सरळ. ठाणेकरांना दुसरी भाषा कळत नाही.

सिव्हिलवाला

गतिरोधकाचंही माप ठरलेलं आहे. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा हलका फुगवटा. तो पंचविसाने आरामात ओलांडता येतो. आपल्याकडे असतो तो गतिरोधक नसून उरलेल्या डांबराचा ढीग आहे. तीव्र उतारावर आणि वळणात तसला ढीग म्हणजे दुचाकीवाल्याला खाली पाडायची सोय.

पाड्यावरची

दोन दिवस वाचतेय. सगळे आमच्या रस्त्याबद्दल बोलताय, म्हणून आता मी बोलते.

आधी ती बाई. ती कोण हे मला माहीत आहे, गोष्ट त्याच दिवशी पाड्यात आली. तिला शेवळांचं काही वाटलं नाही. शेवळं पाऊस पडला की उगवतात. काकडं गेली त्याचं वाईट वाटलं. काकडाशिवाय शेवळाची खाज जात नाही आणि काकड रानात शोधावं लागतं. शहरातली बाई काकड नसेल तर शेवळं घेतच नाही. म्हणजे तो दिवस गेला.

मी सकाळी सातला स्कूटरने खाली कामाला जाते, रात्री नऊला वर येते. रोज. तुम्ही रविवारचे. उद्या तीसची पाटी लागली आणि खाली कुणी मशीन घेऊन उभं राहिलं तर दर दिवशी समोर येणार मी. सव्वीस दिवस जाणारी-येणारी सापडणार की महिन्यातून एकदा येणारा? माझ्या पगारात हजाराचं एक चलान म्हणजे काय होतं ते इथे कुणी मोजलं का? ४८ सेकंद मोजलेत.

आणि वेग कधी असतो ते तुम्हाला माहीतच नाही, कारण तेव्हा तुम्ही झोपलेले असता. शनिवारी रात्री बारा ते दोन. वरून पार्ट्या सुटतात. त्या वेळच्या गाड्या खिडक्या उघड्या, गाणी मोठी, आणि मधली रेघ त्यांना दिसत नाही. सकाळी आमची पोरं शाळेत जातात तेव्हा वळणावर काचा असतात. तुमची तीसची पाटी त्या वेळी कोण वाचणार?

मला मर्यादा नको असं नाही. रात्रीची आधी करा. दिवसाचं मग बघू.

पेडलमारी

ताईंनी लिहिल्यावर माझं लिहायला लाज वाटतेय, पण कबुली देऊन टाकतो. मी सायकलवाला. आमचा दहा जणांचा गट आठवड्यातून दोनदा येऊर चढतो. चढताना जीव जातो म्हणून उतरताना वसूल करतो. माझ्या यंत्रावर उतरतानाचा कमाल आकडा ४८ आहे. डोंगरावर सगळ्यात आवाज न करता येणारी वस्तू म्हणजे आम्ही. मागच्या डिसेंबरात वळणावर कुत्रं आलं, मी वाचलो, कुत्रंही वाचलं, हँडल गेलं.

तर तीस आम्हालाही लागू करा.

कलमबहाद्दर

नाही करता येणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ मोटार वाहनांना आहे, सायकल त्यात येत नाही. तुमची कबुली तुमच्याजवळ ठेवा.

कायद्याचं निघालंच आहे तर दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण इथे सगळे "पाटी लावा" म्हणताहेत आणि पाटी अशी वाटेल त्याने लावता येत नाही. कलम ११२ च्या पोटकलम दोननुसार राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी रस्त्याचं स्वरूप आणि लोकांची सुरक्षितता बघून कमी मर्यादा घालू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर चिन्हं, दोन्ही लागतं. पण त्याच कलमात एक बारीक ओळ आहे. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही.

म्हणजे "कायमची तीस" मागाल तर फाइल मंत्रालयाच्या वाटेला लागली. "जुलै महिनाभर तीस" मागाल तर ते ठाण्यात बसूनही होण्यासारखं आहे.

दुसरं. पाड्यावरची ताईंना वाटणारी भीती खरी आहे, पण एक आधार आहे. कलम १८३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एका साक्षीदाराला "मला वाटलं गाडी जोरात होती" एवढ्यावरून कुणाला दोषी धरता येत नाही. अंदाज यंत्राने घेतलेला असला पाहिजे. दंड हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम आणि अवजडला दोन ते चार हजार.

उपवनकर, तुमचा "फार तर पन्नासने असेल" याच कारणाने न्यायालयात टिकणार नाही.

उपवनकर

माहीत नव्हतं. महिन्याची ओळ सोन्यासारखी आहे.

पाड्यावरची, तुमचं वाचून मी दोन तास काही लिहिलं नाही. काकडाचं मला ठाऊक नव्हतं, मी ती तशीच सोडून आलो. रात्रीचंही खरं आहे, मी दहाला झोपतो. पण सकाळची चूक रात्रीच्या चुकीने पुसली जात नाही. ती गाडी सकाळी पावणेसातची होती. चालवणारा शुद्धीवर होता.

खारघरी

नवी मुंबईतून एक शेजारधर्माची सूचना. आमच्याकडे पांडवकड्याच्या धबधब्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते. दर वर्षी आदेश निघतो, फलक लागतात, आणि लोक फलकापाशी उभं राहून फोटो काढून आत जातात. वर चाफेवाडी-फणसवाडीला राहणारी माणसं मात्र आपल्याच वाटेने जाताना ओळख सांगत बसतात. ताई म्हणतात ते असं होतं.

उलट द्रुतगती मार्गाच्या घाटात कॅमेरे बसल्यापासून माझा मेहुणा शहाणा झालाय. मेहुण्याचं हृदयपरिवर्तन वगैरे नाही. दोन चलानं आली.

टॉपगिअर

मग कॅमेरा मागा, पाटी कशाला? कॅमेऱ्याला रात्र-दिवस सारखा. रोज जाणारी आणि महिन्याने येणारा दोघांनाही तो सारखाच मोजतो.

बोरघाटात ट्रकवाले वेगळीच रड सांगतात, तीही ऐका. अवजड गाड्यांना तिथे ४० ची मर्यादा होती, तेव्हाची. उतारावर लादलेली गाडी सतत चाळिसाच्या आत ठेवायची म्हणजे सतत ब्रेक, म्हणजे काकांचे ते लाइनर. कमी आकडा नेहमी सुरक्षितच असतो असं नाही.

डबलक्लच

खालच्या गिअरात असेल तर सतत ब्रेक लागत नाही. रड सांगणारे वरच्या गिअरात उतरणारे. आम्ही याहून कमीने उतरायचो. पण तेव्हा माल वेळेवर पोचवला नाही म्हणून मालकाचा दर दहा मिनिटांनी फोन येत नव्हता, हेही सांगतो.

पोखरण२

कॅमेऱ्यात बिबट्या येईल, चलान कुणाच्या नावावर?

उपवनकर

हसण्यावारी नेऊ नका. घोडबंदर रोडवर गाडीच्या धडकेने बिबटे मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. हेडलाइटचा झोत डोळ्यांत गेला की जनावर पळत नाही, जागीच थिजतं. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे रान, त्याच्या चारी बाजूंना आपण. रात्रीची मर्यादा हवी तर त्यालाही हवी आहे.

ताईंचं आणि माझं इथे जमतंय असं वाटतं.

पाड्यावरची

काका, बिबट्याचं नाव काढलं की शहरातल्या सगळ्यांचं जमतं. बाईचं नाव काढलं तेव्हा दोन दिवस कायदा चालला होता.

जमतंय म्हणा. पण दिवसाचं चलान नको, एवढं लिहून घ्या. दिवसा पाटी आणि रेघ. रात्री कॅमेरा.

सिव्हिलवाला

याला माझा पाठिंबा आहे, आणि मी विरोधात सुरुवात केली होती. तरी एक हट्ट. महिनाभर लावून काय सिद्ध करणार? आधीचा वेग मोजलेला नसेल तर नंतर कमी झाला की नाही हे कुणाला कळणार? अर्जासोबत आकडे द्या. नुसतं "भरधाव" लिहिलंत तर तो पंचनामाच.

मोजणं अवघड नाही. रस्त्याकडेचे दोन विजेचे खांब धरा, मधलं अंतर टेपने मोजा. ५० मीटर असेल तर तीसने जाणाऱ्या गाडीला बरोबर सहा सेकंद लागतात. चार सेकंद म्हणजे पंचेचाळीस. तीन म्हणजे साठ. मोबाइलच्या घड्याळावर दोघांनी मिळून मोजायचं, एक दाबणारा, एक लिहिणारा. शंभर गाड्या झाल्या की चित्र दिसतं. न्यायालयात चालणार नाही, पण साहेबांच्या टेबलावर चालेल.

उपवनकर

रविवारी सकाळी सहाला मी चौकीपाशी उभा राहतो.

पाड्यावरची

सकाळी मोजून पुन्हा तेच होणार. शनिवारी रात्रीही मोजा.

उपवनकर

रात्री बाराला रानात उभं राहायचं? वय त्रेसष्ट आहे माझं. आणि घरी काय सांगू?

पाड्यावरची

रानात नाही. आमच्या ओट्यावरून रस्ता दिसतो, दोन खांब पण दिसतात. गाडीचा दिवा पहिल्या खांबाला आला की दाबा, दुसऱ्याला आला की थांबवा. चहा करून देईन. घरच्यांना घेऊन या हवं तर.

टॉपगिअर

मी येतो रात्री. विरोधी पक्षाचा मोजणीला एक माणूस असलेला बरा, नंतर कुणी आकडे शिजवले म्हणायला नको. आणि पहाटे माझे मित्र उतरतील तेव्हा त्यांचेही घ्या. माझे घेऊ नका, मी ओट्यावर असेन.

डबलक्लच

पन्नास मीटरची टेप माझ्याकडे आहे. शनिवारी उजेड आहे तोवर चारला येऊन खांब मोजून ठेवतो, रात्री अंधारात टेप धरून रस्त्यात उभं राहायचं नाही. नातू येईल लिहायला, त्याचं अक्षर चांगलं आहे.

पोखरण२

मी काय आणू?

पाड्यावरची

काकडं.